बोटीचा मांडव

ज्या हातांनी पाणी अडवलं त्या हातांनी रक्त सांडू नये, अशी आमच्या घराण्याची शिकवण होती. आमच्या पूर्वजांनी दोन टेकड्यांच्या मधोमध मातीची पाळ घालून गावाचं तळं बांधलं. पाळ बांधणाऱ्याला शांत असावं लागतं, घाईत टाकलेली माती पाण्याबरोबर निघून जाते, असं आजोबा आम्हा मुलींना समोर बसवून सांगत. सांगताना त्यांच्या तोंडातून शिट्टीसारखा आवाज निघे. त्यांचे समोरचे दोन दात त्यांच्या सख्ख्या भावाने पाडले होते, आणि तेही पाळीवरच, तळ्याचं पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत सोडायचं या प्रश्नावर. त्या भावाचं पुढे काय झालं हे आजोबा सांगत नसत. तो उरलेलं आयुष्य एकाच कानाने ऐकत असे, एवढं आम्हाला दिसत होतं.

आमच्या घरात मार जेवणासारखा होता : वेळेवर, सगळ्यांच्या वाट्याला, आणि चवीत फारसा फरक नसलेला. बाबा, म्हणजे गावचे कवडूजी, मायला मारत. माय आम्हा बहिणींना मारी. मी कोंबड्यांना लाथाडे आणि कोंबड्या जे सापडेल त्याला टोचत. पहाटे ढेकी सुरू होई. माय आणि माझी मोठी बहीण गया पायाने ढेकी दाबत आणि खाली उखळात धान सडलं जाई. त्या धप्प धप्प आवाजात मध्येच एखादा वेगळा धप्प आला, तर तो ढेकीचा नाही हे मला झोपेतही कळे. तरी घर दुःखी होतं असं म्हणता येणार नाही. लाखोळीच्या डाळीचं वरण, वाफाळणाऱ्या भाताची रास, कमळाच्या देठांची भाजी, आणि सोनबा ढिवर जाताजाता टोपलीत टाकून जाई ते झिंगे, यांची कधी वाण पडली नाही. शिवाय बाबा जेवताना कोणाला मारत नसत. अन्नाचा अपमान होतो, असं ते म्हणत. त्यामुळे आम्ही सगळे फार सावकाश जेवायला शिकलो. आजही पंगतीत मी सगळ्यांच्या शेवटी उठते. डॉक्टर म्हणतात, चांगली सवय आहे.

तळ्याच्या पाळीला, पाणी सोडायच्या दाराशेजारी, एक चमत्कारिक सांगाडा उभा होता. बदकं मारण्याचा शौक असलेल्या कोणा गोऱ्या अधिकाऱ्याने तो करून घेतला होता. पाण्यात चार सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर जाड लाकडी रूळ, आणि रुळाच्या काठाकडच्या टोकाला हातभर लांब लोखंडी दांडा. दांडा फिरवला की साखळ्या रुळाभोवती गुंडाळल्या जात, आणि पाटबंधारे खात्याची लाकडी बोट पाण्यातून उचलली जाऊन वर लोंबकळत राही. दांडा उलटा फिरू नये म्हणून रुळाच्या दातांत एक लोखंडी खिटी अडकवलेली असे. बोटभर खिटी, आणि तिच्या जिवावर अख्खी बोट. इंग्रजीत या यंत्राला काही भारदस्त नाव असेल. गावात त्याला पाळणा म्हणत, कारण वारा आला की बोट त्यात झुले. साहेब गेला, स्वराज्य आलं, पण बोट पुन्हा पाण्यात उतरली नाही. वर्षानुवर्षं ती पाळण्यात निजून होती, आणि तिच्या देखरेखीला खात्याने सोनबाला नेमलं होतं. देखरेख म्हणजे तो तिच्या सावलीत बसून जाळं विणत असे.

माझ्या लहानपणापासून आजवर आमचं गाव कोहमाऱ्यापासून अडीच कोस आत, जिथे होतं तिथेच राहिलं, पण तेवढ्यात तीन राज्यांत फिरून आलं. ही गोष्ट घडली तेव्हा सरकार आमच्याशी हिंदीत बोलत होतं. माघ महिन्यात कोतवाल एक कागद घेऊन आला. कागद वाचायचं काम माझं. चौथी पास झालेली गावातली ती काय मी एकटी मुलगी, वय चौदा, आणि त्या चौथीचा मला जेवढा गर्व होता तेवढा पुढे कुठल्याच परीक्षेचा झाला नाही. बाबा ओसरीवर चार माणसं बसवत, मला मधोमध उभी करत, आणि मी वाचे. नियम एकच होता. अडखळले की थप्पड. चार माणसांत पोरगी अडखळली म्हणजे बापाचं नाक गेलं, असं त्यांचं गणित होतं.

कागदात लिहिलं होतं की एक मंत्री आमचं प्राचीन तळं पाहायला येणार असून ते नावेत बसून त्याची पाहणी करतील, तरी ‘नाव उठाने के झूले पर छाजन की व्यवस्था की जाए’. झूला म्हणजे पाळणा, हे मी पटकन सांगितलं. छाजन हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. त्याचा अर्थ नुसतं छप्पर, चार बांबूंवर टाकलेला आडोसा, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मला दिसत होता तो बाबांचा उजवा हात. तो मांडीवरून उचलला गेला होता.

“पाळण्यावर मांडव घाला म्हणते सरकार,” मी म्हणाले.

हात खाली गेला. मग बाबा हळूच म्हणाले, “मांडव?”

“हो जी. मांडव.”

छप्पर कोणीही घालतो. मांडवाचं तसं नसतं. मांडवाला मुहूर्त लागतो, जांभळीच्या ओल्या डहाळ्या लागतात, आंब्याचं तोरण लागतं, आणि सगळ्यांत आधी हळद लावून मुहूर्तमेढ रोवावी लागते. ती रोवण्याचा मान ज्याच्या घरचं कार्य त्याचा. शिवाय आमच्याकडे एक पक्की समजूत होती. उभा केलेला मांडव रिकामा उतरवायचा नसतो. त्याखाली लग्न लागलं नाही, तर ज्याने मेढ रोवली त्याच्या घरात वर्षाच्या आत मयत होते. या शेवटच्या अडचणीवर ओसरीने असा तोडगा काढला की मंत्री बोटीत बसतील तेच लग्न. नवरा कोण आणि नवरी कोण हे कोणी विचारलं नाही. सरकारी काम होतं.

प्रश्न उरला मानाचा. डोमाजी बाबांचे चुलतभाऊ, वयाने मोठे, म्हणून आम्ही त्यांना मोठबाबा म्हणायचो. आजोबांचे दात ज्याने पाडले त्याचे हे चिरंजीव. ते दुसऱ्याच दिवशी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले, बसले नाहीत.

“मेढ माही,” ते म्हणाले. “तळं माह्या आज्यानं बांधलं.”

“तुह्या आज्यानं माती वाहिली,” बाबा म्हणाले. “बांधलं माह्या आज्यानं.”

दोघांचा आजा एकच होता. हे मी तेव्हा सांगू शकले असते, पण शिक्षणाचा उपयोग कुठे करू नये हे मला तोवर कळू लागलं होतं. बोलता बोलता बाबांनी अंगणातली खाट आडवी केली, डोमाजींनी पाण्याचा रांजण फोडला, आणि त्या दिवशीची चर्चा संपली.

या सगळ्यात सर्वांत संतापली ती माय. “बोटीले मांडव!” ती चुलीपुढे बसून म्हणे. “अन् माह्या लेकीले काय? अंधार!” त्याचं कारण असं. गयाचं लग्न सातव्या वर्षी झालं आणि तेराव्या वर्षी ती विधवा झाली. नांदायला गेलीच नव्हती. नवऱ्याला तिने पाहिलंही नव्हतं, कारण लग्न लागताना ती मामाच्या कडेवर झोपली होती. आता ती वीस वर्षांची होती, आणि देवरीकडच्या हिरामण नावाच्या बिजवराशी तिचा पाट ठरला होता. पाटाला मांडव नसतो, हळद नसते, वाजंत्री नसते. दिवस मावळल्यावर चार माणसं जमतात, गाठ मारतात, आणि बाईला उजाडायच्या आत गाडीत बसवून देतात. चोरीचा माल हलवावा तसं.

बोटीच्या मांडवाची बातमी घरात आली त्या संध्याकाळी गयाने बाबांच्या पुढ्यात ताट ठेवलं, ते जेवू लागेपर्यंत थांबली, म्हणजे हात अडकलेला आहे याची खात्री करून घेतली, आणि म्हणाली, “बाबा, मले मांडव पायजे.”

“पाटाले मांडव नसते.”

“मंग मी पाट नाही करत. पहिल्या मांडवात मी झोपली होती. मले जागेपणी पायजे.”

बाबांनी जेवण पुरं केलं. हात धुतला, पुसला, आणि मग बैलाच्या दाव्याने तिला मारलं. मायने मध्ये पडून दोन फटके स्वतःच्या पाठीवर घेतले. मी दाराआड उभी राहून मोजणं टाळलं. सकाळी गया ढेकीवर होती. रडत नव्हती, फक्त ढेकीचा ताल चुकत होता. हिरामणच्या माणसांना नकार गेला तर दुसरं स्थळ येणार नव्हतं, आणि मग गयाला जन्मभर याच घरात, याच हाताखाली राहायचं होतं. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी ती हटली नाही. मला त्या दिवसांत वाटे, एक शब्द मी नीट वाचला असता तर तिच्या डोक्यात मांडव आलाच नसता. हे मी कोणाला सांगितलं नाही. मारापुढे प्रामाणिकपणा टिकतो असं पुस्तकात लिहिणारी माणसं बहुधा शांत घरात वाढलेली असतात.

मानाचा तिढा सोनबाने सोडवला. जाळ्याची गाठ मारता मारता, मान वर न करता, तो म्हणाला, “दोन मेढी रोवा ना बापा. नवरा-नवरी दोघं रायतेत, मंग मेढ एकच कायले?” दोन्ही घरांना हे पटलं, कारण दुसऱ्या घराला ते पटणार नाही अशी प्रत्येकाची खात्री होती. मुहूर्तावर बाबांनी पाळीच्या बाजूला मेढ रोवली आणि त्याच क्षणी डोमाजींनी कंबरभर पाण्यात उभं राहून पाळण्याच्या पलीकडे. मग इतर खांब, आडवे बांबू, आणि तिसऱ्या दिवशी वर डहाळ्या चढू लागल्या.

बांबूंची गाडी घेऊन हिरामण आला होता. पस्तिशीचा, काळासावळा, हळू बोलणारा. पाट ठरलेल्या बाईकडे उघड पाहायचं नसतं, म्हणून तो दोन दिवस बांबू मापत राहिला आणि प्रत्येक बांबूचं टोक नेमकं आमच्या घराच्या दिशेने धरत राहिला. मी आणि गया कामकऱ्यांना आंबील घेऊन गेलो तेव्हा मी विचारलं, “भाऊजी, कोणाले पाहाले आले जी?”

“बोटीले.”

“बोट तं मांगं हाये.”

“हो ना,” तो म्हणाला. “म्हणूनच मान दुखून राहिली.”

गयाने आंबिलीची लोटी त्याच्या हातात दिली आणि हसू लपवायला तळ्याकडे तोंड फिरवलं. त्या बाजूला तिच्या मानेवर दाव्याचा वळ होता. तो त्याने पाहिला. त्यानंतर त्याने बांबू मापले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी मांडव पुरा झाला आणि वाकडा झाला. पाण्यातली डोमाजींची मेढ चिखलात हातभर खचली होती. सगळा मांडव एका खांद्याने झुकलेल्या माणसासारखा दिसत होता, आणि झुकला होता तो नेमका डोमाजींच्या बाजूने. पाळीवर जमलेली माणसं आधी गालात हसली, मग तोंड उघडून. सोनबा पाण्यात उतरला आणि मेढीखाली दगड सारायला बोटीच्या खाली गेला. वर टांगलेली बोट त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होती. बाबा दांड्याशेजारी मोगरी घेऊन उभे होते. मोगरी म्हणजे खांब ठोकायचा लाकडी हातोडा, चांगला मांडीएवढा.

“मेढ खचली का रे घराणं खचलं?” बाबांनी पाण्याकडे पाहून विचारलं.

डोमाजींना हसणं सहन होत नव्हतं. ते म्हणाले, “माही मेढ खचली, पण माह्या पोरी मांडवातून गेल्या. तुहीले पाट, अन् बोटीले मांडव! वा रे तुह्या घरची रीत!”

तेवढ्यावर भागलं असतं. पण डोमाजींचा मुलगा मुरली हातात खड्डे खणायची लोखंडी सब्बल घेऊन उभा होता, आणि त्याला वडिलांपेक्षा पुढे जायचं होतं. “काऊन भांडता बाबा?” तो म्हणाला. “काकाच्या घरी सगळं बरोबरच हाये. आधी पाळणा, मंग मांडव!”

पाळ खदखदून हसली. पाळण्यावर मांडव घालतानाच्या चार दिवसांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आता आल्यावर कोणाला थांबवेना. गया आंबिलीची घागर घेऊन माझ्या शेजारी उभी होती. हिरामण मांडवाच्या खांबाशी होता. ज्या बाईशी त्याचा पाट ठरला होता तिचा पाळणा लग्नाआधीच हलला आहे, असं शंभर माणसांत म्हटलं गेलं होतं, आणि शंभर माणसं हसत होती.

बाबांनी मोगरी फिरवली. ती मुरलीच्या खांद्यावर बसली आणि ओला बांबू फुटावा तसा आवाज आला. मग कोण कोणाला मारत होतं हे सांगणं अवघड आहे. मांडवासाठी आणलेले उरलेले बांबू उपयोगी पडले. डोमाजींच्या कपाळातून रक्ताची धार डोळ्यात उतरली आणि ते त्या एका डोळ्याने पाहत लाथा झाडत राहिले. माझा चुलतमामा, जो दोन्ही घरांचा नातेवाईक होता, त्याला दोन्ही घरांनी मारलं. बायका केस धरून पाळीवरून खाली लोळल्या. माझ्या हातात एक दगड होता. तो मी फेकला. कोणाला लागला ते मला ठाऊक आहे, पण त्यांची नातवंडं आज माझ्याशी चांगली वागतात.

मुरलीने चांगल्या हाताने सब्बल उचलली आणि बाबांच्या डोक्यावर घातली. बाबा वाकले. सब्बल खाली आली ती खिटीवर. खिटी टणकन उडाली आणि पाण्यात पडली. बोटीच्या वजनाने रूळ उलटा सुटला, दांडा गरगर फिरला, आणि पहिल्याच फेऱ्याला वाकलेले बाबा वर येत होते त्यांच्या जबड्यावर बसला. बाबा न बोलता आडवे झाले. बोट खाली निघाली. खाली सोनबा होता, दोन्ही हातांत दगड धरून.

हिरामणने स्वतःला दांड्यावर टाकलं. दांड्याने त्याला उचलून खांबावर आपटलं, त्याची दोन बोटं दांडा आणि खांबाच्या मध्ये सापडली, आणि त्याच्या त्या दोन बोटांवर बोट थांबली. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. तसा आवाज मी पुढे एकदाच ऐकला, गाईच्या. मग मी पाहिलं की माझ्या शेजारी घागर आहे आणि गया नाही. ती दांड्याखाली खांदा देऊन उभी होती. तिचा पदर पडला होता, गाल हिरामणच्या दंडाला चिकटला होता, पाय चिखलात घसरत होते. आजूबाजूला सगळं गाव गयाच्या अब्रूसाठी एकमेकांची डोकी फोडत होतं, आणि गया एका परक्या पुरुषाला चिकटून दांडा धरून होती. कोणाचं लक्ष नव्हतं.

“सोनबा!” ती ओरडली. “निघ ना रे बाहेर!”

सोनबा बुडी मारून पलीकडे निघाला. गयाने ते पाहिलं आणि हिरामणला म्हणाली, “सोडा आता.” दोघांनी एकदम सोडलं.

बोट आपटली. तो आवाज एवढा मोठा होता की भांडण थांबलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. बोट क्षणभर पाण्यावर टेकली, मग तिच्या बुडातून तळ्याचं पाणी कारंज्यासारखं वर आलं, आणि ती एखाद्या म्हशीसारखी आरामात खाली बसली. पाण्यावर बुडबुडे आले.

“बूड तं साहेबाच्या वेळचंच सडलं होतं,” काठाला लागलेला सोनबा दम खात म्हणाला. “मले कोणी इचारलंच नाही.”

पोलिसांत कोणी गेलं नाही. कोहमाऱ्यापर्यंत जायला गाडी लागत होती आणि गाडी हाकणाऱ्याचं डोकं फुटलं होतं. पाळीवर माणसं जिथे होती तिथे बसली. हळदीची पूड फिरली, ती मुहूर्तमेढीसाठी आणलेली होती. गयाने स्वतःचा पदर फाडून हिरामणच्या हाताला गुंडाळायला घेतला आणि आता मात्र सगळ्यांचं लक्ष गेलं.

हिरामण उभा राहिला. पांढरा पडला होता. “कवडूजी,” तो बाबांना म्हणाला, “मी पाट नाही करत.”

मुरलीच्या बोलण्याचं फळ आलं, असं सगळ्यांना वाटलं. मायने कपाळावर हात मारला. गयाने हात बांधणं थांबवलं नाही, पण तिची मान खाली गेली आणि तो वळ पुन्हा दिसला.

“लगीन करतो,” तो म्हणाला. “दिवसाउजेडी. मांडव तं उभाच हाये.”

“हात सिधा ठेवा,” गया म्हणाली. “गाठ नाही बसून राहिली.”

बाबा नाही म्हणाले असते. पाटाला मांडव नसतो हे त्यांनी तिला दाव्याने शिकवलं होतं. पण त्यांचा जबडा मोडला होता आणि गावातल्या वैदूने तो पाळीवरच डोक्यावरून फडकं घेऊन करकचून बांधला होता. त्यांनी घशातून काही आवाज काढले. मायने ते ऐकले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या वतीने बोलली. “हो म्हणून राहिले,” ती म्हणाली.

डोमाजी आडवे येतील असं वाटलं होतं. पण तिसऱ्याच दिवशी कोतवालाने निरोप आणला की मंत्र्यांचा दौरा रद्द झाला, आणि मांडव रिकामा राहिला. आता ज्याने मेढ रोवली त्याच्या घरात मयत. मेढ आपलीच, यावर तर दोन्ही घरांनी रक्त सांडलं होतं, त्यामुळे मयत आपलं नाही असं म्हणायची सोय कोणालाच राहिली नव्हती. कपाळाला पट्टी बांधलेले डोमाजी आमच्या अंगणात येऊन या वेळी बसले आणि म्हणाले, “पोरीचं लगीन लवकर उरकून टाका बापा. तांदूळ माह्या घरून घ्या.”

तर माझी बहीण बोटीच्या मांडवात, भर दुपारी, हळद लावून, पूर्ण जागेपणी उभी राहिली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांपैकी एकाचा हात गळ्यात अडकवलेला होता. तो मुरली. अक्षता टाकणाऱ्यांत सात डोकी बांधलेली होती, नवरदेवाने हार डाव्या हाताने घातला, आणि मांडव अजून डोमाजींच्या बाजूने झुकलेलाच होता. त्या वर्षी दोन्ही घरांत कोणी मेलं नाही. बाबांचा जबडा दीड महिन्याने सुटला तेव्हा ते पूर्वीसारखं बोलू लागले, पण पूर्वीसारखं मारताना मात्र मायकडे एकदा पाहून घेत. तिने त्यांच्या वतीने एकदा हो म्हटलं होतं. पुन्हा कशाला म्हणेल याचा नेम नव्हता.

गयाच्या घरी देवरीकडे मी म्हातारपणी महिनाभर राहिले तेव्हा छाजनची गोष्ट तिला सांगितली. हिरामणभाऊजी ओसरीवर बसले होते, त्यांची ती दोन बोटं कधीच सरळ झाली नाहीत. मला वाटलं होतं ती रागावेल. ती बराच वेळ दात नसलेलं हसली. “पगली,” ती म्हणाली, “छप्पर म्हणली असती तं मी कायच्या खाली उभी राहिली असती?”

लग्नाच्या दिवशी पंगती बसल्या होत्या तेव्हा खात्याचा ओव्हरसियर सायकलवर आला. दौरा रद्द झाला तरी कामाची पाहणी त्याला करायचीच होती. त्याने डहाळ्या पाहिल्या, तोरण पाहिलं, बांधलेली डोकी पाहिली, आणि विचारलं, “नाव कहाँ है?”

“पाण्यात हाये साहेब,” सोनबा म्हणाला. “नाव पाण्यातच पायजे ना.”

ओव्हरसियरने पाण्याकडे पाहिलं. मी धीर करून विचारलं की छाजन म्हणजे काय. त्याने पेन्सिलीने वर मांडवाकडे दाखवलं. “यही। छप्पर।” मग तो वरण-भातावर बसला, तीनदा वाढून घेतलं, आणि हात धुऊन पाळण्याच्या खांबाला टेकून त्याने आपला अहवाल लिहिला. लिहून झाल्यावर चूक नको म्हणून तो मोठ्याने वाचला.

“छाजन का काम संतोषजनक। नाव मौके पर नहीं पाई गई।”